रिंगणाच्या पायऱ्या

मुष्टियुद्धावर लिहिणाऱ्या माणसाने घराघरांत वाचल्या जाणाऱ्या या साप्ताहिकात जागा अडवावी, हे आमच्या काही वाचकांस रुचत नाही, याची आम्हांस कल्पना आहे. गेल्या पावसाळ्यात एका भगिनीने पत्र लिहून आम्हांस सरळच विचारले होते की, एकमेकांची डोकी फोडणाऱ्या माणसांचे कौतुक तुम्ही आमच्या मुलांस कशासाठी ऐकविता? त्या पत्राचे उत्तर आम्ही दिले नाही. काय लिहावे ते सुचले नाही, हेच खरे. आज थोडेफार सुचले आहे, आणि त्यास निमित्त झाल्या आहेत एका सभागृहाच्या नऊ पायऱ्या.

आमचे एक जुने स्नेही आहेत. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तरुणपणी पलटणीच्या संघातून ते मुष्टियुद्ध खेळत, आणि त्यांचा डावा ठोसा ज्यांनी खाल्ला ते पुन्हा त्यांच्या उजव्या बाजूसच उभे राहत, असे त्यांचे सोबती सांगतात. चार वर्षांपूर्वी त्यांस अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत. बोलणे थोडे जड झाले आहे. स्मरण मात्र लख्ख आहे. आमच्या बेळगावात मुष्टियुद्धाचे सामने होणार असे कळल्यावर त्यांनी आपण होऊन निरोप धाडला, "येताना मला घेऊन जा."

आम्ही गेलो. त्यांचा पुतण्या खुर्ची ढकलीत होता. सभागृहाच्या दाराशी पोहोचलो आणि थांबलो. दारापुढे नऊ पायऱ्या. दुसरी वाट आहे काय, असे विचारता स्वयंसेवकांनी एकमेकांकडे पाहिले. मुले चांगली होती, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. त्यांतील एक म्हणाला, "आजोबा, आम्ही चौघे तुम्हांला खुर्चीसकट उचलतो." सुभेदारांनी मान हलविली. म्हणाले, "पोरा, मला आजवर दोनदा उचलून नेलंय. एकदा जिंकलो तेव्हा, आणि एकदा पडलो तेव्हा. तिसऱ्यांदा उचलतील ते शेवटचं. आज नको."

मग काय झाले ते सांगण्यास आम्हांस लाज वाटते. परंतु सांगणे भाग आहे. आम्ही आत गेलो. सामन्यांचा वृत्तान्त लिहावयाचा होता ही सबब खरी होती, तरी ती सबबच. तीन लढती पाहून बाहेर आलो तेव्हा सुभेदार अंगणातल्या आंब्याखाली बसले होते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "दुसऱ्या लढतीत तांबड्या कोपऱ्यातला पोरगा बरगड्यांवर मार खात होता ना? तिसऱ्या फेरीत दमला." तो पोरगा तांबड्याच कोपऱ्यातील होता की नाही, हे त्यांस आवाजावरून कळणे शक्य नव्हते, बाकी सर्व बरोबर होते. ठोसा बरगडीवर बसला तर आवाज दबका येतो, हातमोज्यांवर बसला तर चपराकीसारखा, आणि लोक कधी ओरडतात व कधी एकदम गप्प होतात, त्यावरून बाकीचे समजते. उघड्या खिडकीतून त्यांनी तीन लढती ऐकल्या होत्या.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मनात येत राहिले की, देवळास पायऱ्या असतात, कचेरीस असतात, शाळेसही असतात. पण त्यांनी माणसांस पांगळे केलेले नसते. आमचा हा खेळ मात्र माणसांस पांगळे करतो. मग त्यांच्यासाठी वाट ठेवण्याचे ऋण सर्वांत आधी कोणावर?

जुन्या काळी या खेळाने अपंगत्व लपविले, एवढेच त्याचे आतिथ्य. अमेरिकेतील हॅरी ग्रेब १९२१ च्या सुमारास एका डोळ्याने जवळजवळ आंधळा झाला. त्याने ते वैद्यांपासून दडविले, १९२२ साली जीन टनीस हरविले, (टनीच्या साऱ्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव) आणि १९२३ पासून १९२६ पर्यंत मध्यम वजनाचे जगज्जेतेपद सांभाळले. त्याच देशात सॅम लँगफर्ड नावाचा कृष्णवर्णीय योद्धा होता. मूळचा कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा. त्याच्या काळी त्याच्याशी लढण्यास भले भले कचरत; जड वजनाच्या जगज्जेतेपदाची संधी त्यास कधीच मिळाली नाही. दृष्टी मंदावत गेली तरी तो लढत राहिला, कारण दुसरा धंदा त्यास येत नव्हता. समोरच्याचा अंदाज घेऊन, त्यास अंगाशी येऊ देऊन, मग ठोसा मारावयाचा, अशी त्याची अखेरची वर्षे गेली. पुढे तो पूर्ण अंध झाला आणि लोक त्यास विसरले.

१९४४ साली अल लेनी या न्यूयॉर्कच्या क्रीडालेखकाने त्याचा शोध घेतला. ज्यांस विचारावे ते म्हणत, तो कधीच मेला. अखेर हार्लेममधील एका अंधाऱ्या खोलीत तो सापडला. दरिद्री, आंधळा आणि तरीही हसतमुख. लेनीने लिहिले, वाचकांनी पैसे धाडले, आणि त्यांतून एक निधी उभा राहिला. लँगफर्ड त्यानंतर बारा वर्षे जगला. १९५६ साली वारला. आमच्या धंद्यातील माणसाने केलेले याहून मोठे काम आम्हांस ठाऊक नाही. महंमद अलीच्या थरथरत्या हाताविषयी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकनंतर साऱ्या जगाने लिहिले. परंतु ते लिहिण्यास कोणास जिना चढावा लागला नाही.

आता जी हकीकत सांगणार आहोत ती लंडनची आहे, आणि ती थोडी विस्ताराने सांगू द्या.

२१ सप्टेंबर १९९१ च्या रात्री टॉटनहॅम हॉटस्पर संघाच्या व्हाइट हार्ट लेन या फुटबॉलच्या मैदानावर मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांची लढत झाली. तीनच महिन्यांपूर्वी युबँकने वॉटसनवर निसटता विजय मिळविला होता, म्हणून ही दुसरी लढत. या खेपेस वॉटसन तिन्ही गुणलेखकांच्या हिशेबात पुढे होता. अकराव्या फेरीच्या अखेरीस त्याने युबँकला खाली पाडले. युबँक उठला आणि उठताच खालून वर असा एक ठोसा त्याने वॉटसनच्या हनुवटीवर मारला. वॉटसन मागे कोसळला. मान दोरावर आदळली. तेवढ्यात घंटा झाली. बाराव्या फेरीस तो उभा राहिला. पण हात चालेनात. पंचाने लढत थांबविली आणि थोड्याच वेळात वॉटसन शुद्ध हरपून पडला.

अशा वेळी डोक्याच्या आत काय घडते ते वाचकांस ठाऊक असावे. कवटी आणि मेंदू यांच्या दरम्यान बारीक नीला असतात. धक्क्याने डोके गरकन फिरले की कवटी आधी फिरते, मेंदू मागे राहतो, आणि त्या नीला तुटतात. रक्त साचू लागते. कवटीस ताणावयास जागा नसल्यामुळे मेंदू दाबला जातो. श्वास मंदावला म्हणजे त्यास प्राणवायू मिळेनासा होतो आणि तो सुजतो, सुजला की आणखी दाबला जातो. येथे मिनिटे मोजावी लागतात. वॉटसनकडे डॉक्टर पोहोचण्यास सात मिनिटे गेली. रिंगणात माणसांची झुंबड उडाली होती. श्वासनलिकेत नळी घालून जागच्या जागी उपचार करील असे कोणी तेथे नव्हते. लढत थांबल्यापासून अठ्ठावीस मिनिटांनी तो रुग्णालयात पोहोचला. पण तेथे मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याची सोय नव्हती, म्हणून तेथून त्यास सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात नेण्यात आले. पीटर हॅमलिन या शल्यविशारदाने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. एकंदर सहा शस्त्रक्रिया झाल्या. वॉटसन चाळीस दिवस बेशुद्ध होता. जागा झाला तेव्हा त्यास बोलता येत नव्हते, चालता येत नव्हते.

वॉटसनने ब्रिटिश मुष्टियुद्ध नियामक मंडळावर दावा लावला. मंडळाचे म्हणणे असे की, सामना आम्ही भरविला नाही, आम्ही केवळ नियम करतो. न्यायालयाने ते मानले नाही. वैद्यकीय व्यवस्था काय असावी हे तुम्हीच ठरविता, लढणारा तुमच्यावर विसंबून रिंगणात उतरतो, तेव्हा जबाबदारी तुमची, असा निर्णय १९९९ साली झाला, आणि डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा खाण्यास वॉटसनची संमती होती. पडल्यावर हेळसांड सोसण्यास नव्हती. मंडळाचा या जोखमीचा विमाच नव्हता. अखेर चार लाख पौंडांवर तडजोड झाली, आणि ती भागविण्यासाठी मंडळास लंडनमधील आपली कचेरी विकावी लागली. मंडळ त्यानंतर वेल्समधील कार्डिफ येथे गेले. वॉटसनला वास्तविक मिळावयास हवी होती त्याहून ही रक्कम बरीच कमी होती.

त्या दुर्घटनेचे फळ दुसऱ्यांच्या पदरात पडले. ब्रिटनमध्ये आता श्वसनाच्या साधनांसह तज्ज्ञ रिंगणाशेजारी असल्यावाचून लढत होत नाही, रुग्णवाहिका उभी असते, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयास आधी कळविलेले असते. मे १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पेन्सर ऑलिव्हर हा तरुण असाच मेंदूत रक्त साचून कोसळला. त्यास रिंगणातच प्राणवायू मिळाला, आणि मग शस्त्रक्रिया झाली. तो बरा झाला, पुढे मुष्टियुद्धाचे समालोचन करू लागला. सात वर्षांपूर्वी वॉटसनला जे मिळाले नाही ते ऑलिव्हरला मिळाले. हा फरक ठोशातला नव्हे, व्यवस्थेतला आहे.

आणि वॉटसनचे काय? एप्रिल २००३ मध्ये त्याने लंडनची मॅरेथॉन चालत पुरी केली. सव्वीस मैलांस सहा दिवस लागले. शेवटच्या टप्प्यात त्याच्या एका बाजूस हॅमलिन होते आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस युबँक. ज्याच्या ठोशाने हे सर्व झाले तो सोबतीस चालत होता. त्या प्रसंगाचे छायाचित्र आमच्या टेबलावर काचेखाली आहे. त्याकडे पाहिले म्हणजे आम्हांस आमचा एक जुना अपराध आठवतो. तरुणपणी एका लढतीच्या वृत्तान्तात आम्ही एका मुलास भित्रा म्हटले होते. त्याने तिसऱ्या फेरीआधी आपल्या कोपऱ्यात बसून, डोके दुखते, आता नको, असे सांगितले, एवढाच त्याचा गुन्हा. ते वाक्य छापून आले, लोकांनी वाचले. त्या मुलास आम्ही पुढे कधी भेटलो नाही.

तर भगिनींस आमचे उत्तर असे की, तुमचा राग अर्धा खरा आहे. डोक्यावर मारण्यात भूषण नाही, आणि हा खेळ बंद करा म्हणणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांस आम्ही मूर्ख समजत नाही. परंतु उरलेला अर्धा भाग आम्हांस सोडता येत नाही, कारण ज्यांचे शरीर अधू झाले आहे तीच माणसे लढण्याची जागा मागत आहेत.

इंदूरच्या वाचकांस कपिल परमार हे नाव परके नसावे. भोपाळ व इंदूर यांच्या दरम्यान असलेल्या सीहोर जिल्ह्यातील हा तरुण. लहानपणी शेतातील पंपाशी विजेचा धक्का बसून तो कित्येक महिने बेशुद्ध होता. पुढे त्याची दृष्टी क्षीण झाली. ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये त्याने जूदोत कांस्यपदक मिळविले. या खेळात भारतास मिळालेले ते पहिले पॅरालिंपिक पदक. अंधांच्या जूदोत नियमांत फरक किती? जवळजवळ एकच. डोळस मल्ल दुरून येऊन पकडीसाठी झगडतात. येथे पंच दोघांस एकमेकांचे अंगरखे धरून उभे करतो, आणि मग सुरुवात होते. पकड सुटली तर पुन्हा तसेच. बाकी पटकणे तेच, पडणे तेच. कोल्हापूरच्या तालमीतील वस्ताद पोरांस डोळे बांधून पकड शिकवीत, हे जुन्या लोकांकडून आम्ही ऐकले आहे. त्यांस यात नवल वाटणार नाही. १९८८ च्या सोल येथील खेळांपासून हा जूदो पॅरालिंपिकमध्ये आहे. तायक्वांदो तोक्योत, २०२१ मध्ये आला. हात अधू असलेल्यांसाठी, आणि त्यात डोक्यावर लाथ मारण्यास बंदी आहे. मुष्टियुद्ध तेथे अद्याप नाही. काही देशांत खुर्चीत बसून ठोसे खेळण्याचे शिकवितात. परंतु डोक्यावरचा मार कायम ठेवून ते पदकाच्या पंक्तीस बसवावे काय, याबद्दल आमचे मन होकार देत नाही. तायक्वांदोवाल्यांनी काढलेली तोड अधिक शहाणपणाची.

बहिऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांस लढण्यास अडचण नाही. शिटी आणि घंटा तेवढी ऐकू येत नाही. इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात बहिरा जेम्स बर्क हा अव्वल योद्धा गणला जात असे. आपल्याकडे हरियाणाचा वीरेंद्र सिंह, लोक ज्यास गूंगा पहलवान म्हणतात, त्याने बहिऱ्यांच्या ऑलिंपिकमध्ये २००५, २०१३ आणि २०१७ साली कुस्तीत सुवर्णपदके आणली. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हातून पद्मश्री घेतल्यावर तो दिल्लीतील हरियाणा भवनाबाहेर पदपथावर पदके मांडून बसला; इतर अपंग खेळाडूंस मिळतो तो मान आपल्या राज्यात बहिऱ्यांस का नाही, एवढेच त्याचे विचारणे होते.

आणि मुरलीकांत पेटकर! सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा माणूस आधी मुष्टियोद्धा होता, हे किती जणांस ठाऊक आहे? फौजेत तो लढे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. उपचार म्हणून पोहू लागला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन आला. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. ती स्पर्धा म्युनिकला का झाली नाही, तर तेथील क्रीडाग्रामाच्या सदनिका खाजगी घरांसाठी मोकळ्या करावयाच्या होत्या म्हणून. पेटकरांस पद्मश्री मिळाली २०१८ साली, अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. बावन्न वर्षांनी. आमचे सुभेदार त्यांचा उल्लेख निघाला की उजवा हात कपाळाशी नेतात. डावा आता उचलत नाही.

पूर्वी आपण पांगळा म्हणत असू, मग अपंग म्हणू लागलो, आता दिव्यांग म्हणतो. शब्द बदलण्यास गवंडी लागत नाही. सार्वजनिक इमारती अशा माणसांस खुल्या असाव्यात असा कायदा २०१६ साली झाला. पाच वर्षांची मुदत दिली होती, ती केव्हाच टळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावले की, या बाबतीत नुसत्या शिफारशी नकोत, सक्तीचे नियम करा.

आम्ही दुसऱ्या दिवशी टेप घेऊन त्या सभागृहाशी गेलो. नऊ पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची. उंची चोपन्न इंच. इंचास एक फूट या हिशेबाने उतरण घातली तर ती चोपन्न फूट लांब होईल. अंगण तेवढे नाही. ती एकदा वळवावी लागेल. एवढे मोजून आम्ही इमारतीस वळसा घातला, आणि मागच्या बाजूस दिसले ते सांगतो. तेथे रुंद दार आहे. मागची जमीन उंच असल्यामुळे उंबऱ्यास एकही पायरी नाही. रखवालदारास विचारले, हे दार कशासाठी? तो म्हणाला, "रिंगणाच्या फळ्या आणि खांब इथून आत नेतात, साहेब. टेम्पो अगदी आतपर्यंत लागतो. एरवी कुलूप असतं."

आम्ही संयोजकांस पत्र लिहिले. पंधरा दिवसांनी त्यांचा मनुष्य घरी आला. थोडा ओशाळला होता. पुढील सामन्यांच्या वेळी ते दार उघडे राहील, आणि तेथून रिंगणाच्या पहिल्या रांगेपर्यंत वाट मोकळी ठेवू, असे तो सांगून गेला. सुभेदारांस आम्ही हे कळविले. त्यांनी प्रथम दाराची रुंदी विचारली, मग पुतण्यास आपल्या खुर्चीची मापे घेण्यास सांगितले. सत्तावीस इंच भरली. मग म्हणाले, "मागच्या दारानं जायला माझी हरकत नाही. पण तुम्ही त्या दिवशी पुढच्या दारानं जाऊ नका."

तारीख अजून ठरलेली नाही. ठरली की आम्ही येथे कळवू.